तात्यांवर कुणीतरी वार करा

बिद्रीत कुणाच्याही घरी पाहुणा गेला की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा. तात्यांच्या घरी या दोहोंच्या मध्ये कोयता येतो. ऊसतोडीचा, ताजी धार लावलेला. तो पाहुण्याच्या हातात देऊन तात्या परसातल्या खांबाकडं बोट दाखवतात. खांबाला भुसा भरलेलं पोतं बांधलेलं असतं आणि पोत्याला लोखंडी कड्यांचं चिलखत घातलेलं असतं.

"हाणा," तात्या म्हणतात. "लाजू नका. आपलंच घर समजा."

पाहुणा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो की विम्याचा हप्ता मागायला, सुटका नाही. पहिला वार सगळेच लाजत करतात. मग तात्या म्हणतात, "जेवला न्हाईसा काय सकाळी?" दुसरा वार जरा मनापासून होतो. एका पतसंस्थेचा वसुलीवाला तर न सांगता चार-पाच वार करून, कपाळाचा घाम पुसून, हप्ता न घेताच समाधानानं निघून गेला. तात्या पोत्याजवळ जाऊन कड्यांवरून बोट फिरवतात, चिलखत वर करून पोतं बघतात. भुसा सांडलेला नसतो. तेव्हा कुठं ते आत बघून ओरडतात, "च्या ठेव गं!"

असा माणूस बिद्रीतच आहे असं कुणी समजू नये. ती एक जमात आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती जरा जास्तच फोफावते. हयातभर यंत्रं दुरुस्त करायची आणि निवृत्त झाल्यावर हात काही स्वस्थ बसू द्यायचे नाहीत. कुणी दारात फूटभर उंचीचं ऑइल इंजिन फिरवत बसतो. कुणी भंगारातली राजदूत पाच वर्षं खपून चालू करतो आणि मग ती विकतही नाही, चालवतही नाही. या मातीत हे जुनंच आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला. उद्यमनगरात परदेशी मशिनचा तुटका पार्ट दाखवल्यावर तो नुसता उलटासुलटा करून "संध्याकाळी या" म्हणणारी माणसं आजही भेटतात. तात्या त्याच वळणाचे. फक्त त्यांनी हट्टानं असं काम निवडलं, ज्याची बिद्री, बोरवडे, मुदाळ तिट्टा या सगळ्या टापूत कुणालाही गरज नाही.

तात्या साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं पाटीवरचं नाव दूधगंगा-वेदगंगा, पण सगळा जिल्हा त्याला 'बिद्री'च म्हणतो. फिटरचं काम कुठल्याही कारखान्यात सारखंच. मिल फिरत असते तोवर तो कुणाला आठवत नाही. थांबली की ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे त्याला हुडकत येतात. हंगाम सुरळीत पार पडला तर सांगता समारंभात सभासदांचे, तोडणी मजुरांचे, वाहतूकदारांचे आभार मानले जातात. बेअरिंग गेलं नाही म्हणून कुणी कधी हार घातलाय? चिलखताशी तात्यांचं जमलं ते इथंच. निवृत्तीनंतर ते नातवाला घेऊन नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गेले होते. नातू तलवारी बघत पुढं पळाला. तात्या मात्र प्रत्येक तलवारीपुढं थांबून एकच गोष्ट विचारत राहिले: हिला अडवायला समोर काय होतं?

त्यानंतर अफझलखानाचा विषय त्यांच्यापुढं काढायची सोय राहिली नाही.

"10 नोव्हेंबर 1659," तात्या खुर्चीत सरसावून बसतात. "मिठी मारून खानानं कट्यार चालवली. म्हाराजांच्या अंगरख्याखाली काय हुतं?"

"चिलखत."

"आन् डोक्याला?"

"शिरस्त्राण."

"मग! वाघनखं मागनं चालली. पैलं चिलखत चाललं. ते चाललं म्हणून फुडचं समदं चाललं." 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा तात्या गाडी करून बघायला गेले. परत आले ते फुरंगटून. "हत्यार इमानातनं येतंय. पण त्या कड्या कुणी जोडल्या, त्या लोहाराचं नाव घ्या की कुणीतरी." यावर आपल्याजवळ उत्तर नसतं. पोवाडे वार करणाऱ्याचे होतात. वार अडवणाऱ्या कडीवर कोण पोवाडा करणार?

आता ही कडी. तात्या एका सळईवर तार गुंडाळतात, वेटोळं उभं कापतात, की एकदम पन्नास-साठ कड्या हातात येतात. इथवर कुणालाही जमेल. खरी मेहनत पुढं आहे. कडी लाल करून हळू निवू द्यायची म्हणजे ती मऊ पडते. तिची दोन्ही टोकं एकमेकांवर आणून ठोकून चपटी करायची, त्या चपट्या जागी बारीक भोक पाडायचं आणि त्यात खसखशीपेक्षा जेमतेम मोठा रिबिट घालून दाबायचा. नुसती टोकाला टोक लावलेली कडी जोराच्या भोसकण्यानं उघडते, रिबिट मारलेली सहसा उघडत नाही. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवायची. एका अंगरख्याला अशा 20,000 च्या आसपास कड्या लागतात आणि सगळं मिळून वजन दहा किलोच्या घरात जातं. तारेची निवड हा तर तात्यांचा खास प्रांत. बांधकामाची तार फार मऊ, स्प्रिंगची फार कडक. जस्ताचा मुलामा असलेली जीआय तार स्वस्त, पण ती तापवली की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे तात्यांना कारखान्यामुळं ठाऊक होतं. परदेशात छंद म्हणून चिलखतं करणाऱ्या भल्याभल्यांना ते ताप आल्यावर कळतं.

परदेशातलं तात्या नातवाच्या मोबाईलवर बघतात. इंग्रजी कळत नाही. त्यांचं म्हणणं, हात बघायचे, तोंड कशाला बघायचं? अमेरिकेत 1966 पासून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम नावाची एक संस्था आहे. तिचे सभासद सुटीच्या दिवशी चिलखतं घालून वेताच्या जाड काठ्यांनी एकमेकांना बडवून काढतात. ते दृश्य बघताना तात्यांचा चेहरा पडतो. "हितं मारायला माणूस मिळत न्हाई," ते म्हणतात. "बोलवायला लागतंय."

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात चिलखतांचा विभाग उभा करणारा बॅशफर्ड डीन मूळचा माशांचा अभ्यासक होता, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सैनिकांच्या शिरस्त्राणांचे नमुने करायला त्यालाच बोलावलं, ही गोष्ट मी एकदा तात्यांना सांगितली. मला वाटलं, हसतील. ते गंभीर झाले. "खवलं बघितली आसतील त्यानं," म्हणाले. "येकावर येक कशी बसत्यात ती." आतून काकूंचा आवाज आला, "आमच्यात बी खवलं काढायला येत्यात की. मासं आणा रविवारी."

काकूंबद्दल लिहिल्याशिवाय तात्या पुरे होत नाहीत, आणि तात्यांना ते फारसं आवडायचं नाही. काकूंचं माहेर हुपरी. चांदीचं गाव. तिथं पैंजणाच्या कड्या जोडायचं काम घरोघरी चालतं, आणि काकूंच्या बोटांत ते परकरात असल्यापासून बसलेलं. तात्या पहिलं चिलखत विणत होते तेव्हा काकू नुसत्या येता-जाता बघत. काखेत आल्यावर तात्यांचं अडलं. तिथं कड्या कमी-जास्त केल्या नाहीत तर हात वर होत नाही. तात्यांनी केलेल्या अंगरख्यात ज्याला घातलं तो कायम शरण आल्यासारखा उभा राही. आठवडाभर रात्रीचा दिवा जळाला. शेवटी एका दुपारी तात्या उद्यमनगरात तार आणायला गेलेले असताना काकूंनी भांडी घासली, हात पुसले, पक्कड घेतली आणि चहाच्या वेळेपर्यंत एक काख पुरी केली.

"कसं केलंस?" तात्यांनी विचारलं.

"घोट्याला पैंजण वळत न्हाई व्हय? तसंच," काकू म्हणाल्या. "दुसरी उद्या करतो. आज पीठ मळायचं हाय."

तेव्हापासून तात्या कामाविषयी बोलताना 'आम्ही' म्हणतात. ऐकणाऱ्याला तो शिवकालीन थाट वाटतो.

वार अडतो, पण धक्का अडत नाही. कड्यांचं चिलखत कापू देत नाही, तरी काठीचा किंवा गदेचा दणका सरळ हाडापर्यंत पोचतो. म्हणून जुने लोक आतून कापूस भरलेला जाड डगला घालत. तात्यांनी त्यासाठी घरातली वाकळ घेतली. ती काकूंच्या आईनं शिवलेली होती. या प्रकरणाचा तपशील देत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी तात्या चिलखत घालूनच जेवायला बसले आणि ते शहाणपणाचं होतं.

दुसरा गहजब झाला तो गंजावरून. आमच्याकडचा पाऊस. जूनमध्ये लखलखणारं चिलखत ऑगस्टपर्यंत तांबडं होतं. युरोपात जुन्या काळी गंजलेलं चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून लोळवत. कड्या कड्यांवर घासून साफ होत. तात्यांजवळ पिंप नव्हतं, पण गावात एका ठिकाणी स्लॅब पडायचा होता. सकाळी साडेसहाला, सिमेंट यायच्या आत, त्यांनी काँक्रीट मिक्सरमध्ये दोन पाट्या वाळू आणि एक चिलखत टाकलं. जो आवाज झाला तो ऐकून माणसं अंगणात आली. चिलखत मात्र आरशासारखं निघालं. पुढच्या वर्षी ठेकेदारानं मिक्सर दिला नाही. मग तात्यांना कळलं, की जुन्या मोटारी दुरुस्त करणारे गंजके भाग पाणी घातलेल्या मळीत बुडवून ठेवतात. साखर कारखान्याच्या गावाला याहून सोपं काय? पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर. तात्या सरळमार्गी. त्यांनी गुऱ्हाळावरून काकवी आणली. दहा दिवसांनी गंज निम्मा गेला होता आणि मुंगळे पुरे आले होते. 20,000 कड्या, प्रत्येकीला गोडवा.

सरकारी खात्यांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तलवारीला 1959 चा शस्त्र कायदा आहे, मळीला उत्पादन शुल्क आहे. चिलखताला काही नाही. एकदा कुणीतरी कळ लावली म्हणून एक हवालदार घरी आले. तात्यांनी अदबीनं कोयता पुढं केला. हवालदारांनी दोन वार केले, चहा घेतला, आपल्या पोरग्याला जत्रेतल्या नाटकासाठी शिरस्त्राण मिळेल का, विचारलं. मिळालं. दोन लोखंडी घमेली वाळूच्या पोत्यावर ठोकून तात्यांनी ते आठवड्यात करून दिलं. आतल्या बाजूला घमेल्याच्या कंपनीचा शिक्का अजून दिसतो.

खरा कायदेशीर पेच वेगळाच झाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या सिनेमासाठी न्यूझीलंडात प्लॅस्टिकच्या नळीच्या कड्यांची चिलखतं केली, तेव्हा ती विणणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजून गेले, असं सांगतात. तात्यांची तार तर लोखंडी. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले तर यंत्रावर अंगठा उमटेना. उजवा नाही, डावा नाही. पुसून बघितला, खोबरेल लावून बघितला. यंत्राच्या लेखी तात्या हयात नव्हते. शेवटी डोळ्यांवरून काम झालं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "कुणी वार केला न्हाई तोवर ह्यो गेला बी."

शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तरुण मंडळाशी त्यांचा दरवर्षी वाद. पोरांना सगळे मावळे चकचकीत चिलखतात हवेत. तात्या सांगतात, "खुळ्यांनो, डोंगर चढायला मावळ्याला हे परवडंल काय? कापसाची बंडी आन् ढाल, झालं." पोरं ऐकत नाहीत, सुतळीच्या विणकामाला चांदीचा रंग मारून आणतात. यंदा मात्र त्यांनी एक खरं चिलखत मागितलं, घोड्यावरच्या सरदारासाठी. तात्या विकणार नाहीत, हे ठाम. उसनंही देणार नाहीत. पोरं हिरमुसून निघाली, तेव्हा काकूंनी त्यांना दारातून परत बोलावलं आणि भाडं ठरवलं. अनामत वेगळी.

तेव्हापासून हुपरीचा हिशेब सुरू झालाय. लग्नात नवरदेवाची एन्ट्री, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या तरी हॉटेलचं उद्घाटन. वही काकूंजवळ असते. परवा मी बसलो होतो तेव्हा निपाणीहून फोन आला. तात्या परसात पोत्याला चिलखत चढवत होते.

"हाय की, मिळंल," काकू फोनवर सांगत होत्या. "पण त्येच्यासंगं आमचं मालक बी येणार. न्हाई, न्हाई, त्येंचं पैसं न्हाईत. त्येंना फकस्त च्या द्या, आन् कुणालातरी येक कोयता द्या."