हक्काची जागा

सोलापूरच्या नव्या पेठेत गाडी लावायला जागा मिळेल न मिळेल, धुळीला मात्र गाडीत हक्काची जागा असते. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. बहुतेक गाड्यांत तो कप्पा दोन्ही बाजूंनी दाबला की खाली लोंबतो, मागचं झाकण निघतं आणि एसीची हवा गाळणारा केबिन फिल्टर हातात येतो. घड्यांत काळा थर, वाळकी पानं, एखादा मेलेला किडा. 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव का आहे, ते वेगळं सांगायला नको. फिल्टर काढायला स्क्रू ड्रायव्हरही सहसा लागत नाही. तरी आपण डॅशबोर्डवर अत्तराची कुपी चिकटवतो आणि एसीला शिव्या घालतो. तोच फिल्टर झटकून परत बसवणारे महाभाग वेगळेच! नवा घाला, बाणाची दिशा बघून. आणि जुना भर पेठेत झटकू नका.