क्रशरशेठ, बिल पाठवा!

श्री. क्रशरशेठ यांस,


पत्रास कारण, तुमचे उपकार. बाजारात डस्ट ब्रासच्या भावाने विकली जाते. पेव्हर ब्लॉकवाले ती नेतात, रस्त्यांचे ठेकेदार नेतात. तोच माल तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं घरपोच देता आणि गाडीभाडंही लावत नाही. डाळिंबाच्या बागेत, शाळेच्या बाकांवर, खिचडीच्या पातेल्यात, कुठेही कमी पडू देत नाही.

त्यातही तुमची नजर पारखी. जाड माल हायवा डंपरमध्ये भरायचा आणि बारीक तेवढा गावाला. पाच मायक्रॉनच्या आतला कण नाकात अडत नाही, घशात थांबत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. इतक्या आतपर्यंत सेवा दुसरं कोण देतं?

तुम्ही कायदा मोडता, असं काही नतद्रष्ट म्हणतात. मी त्यांना खडसावलं. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये खडी क्रशरला जे जे सांगितलंय, ते सगळं तुमच्याकडे आहे. पाण्याचे फवारे आहेत; नोझलमध्ये कुंभारीण माशीने घर केलंय. वारा अडवणारी भिंत आहे. डंपरला वळायला मधून पाडलीय एवढंच. हरित पट्टाही आहे, फक्त तो पांढरा आहे. क्रशरपासून 40 मीटरवर हवेतली तुमची धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असंही नियमात आहे. वाऱ्याला 40 मीटरवर थांबायची शिस्त नाही, यात तुमचा काय दोष?

पाणी मारलं की चाळणीची जाळी चोंदते, हे तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच जाणते लोक पाणी जॉ क्रशरच्या तोंडाशी आणि बेल्टवरून माल पडतो तिथे मारतात. चाळणीला पत्र्याने बंद करतात आणि आतली धुळकट हवा पंख्याने ओढून कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून सोडतात. थेंबही धुक्यासारखा बारीक ठेवतात, कारण जाड थेंब जवळ आला की बारीक कण हवेबरोबर त्याला वळसा घालून निसटतो. बेल्टचं तोंड ढिगाच्या जवळ आणलं, तरी बराच धुरळा उठायचाच थांबेल. पण मग आम्हाला काय उरणार, ही तुमची काळजी मी समजू शकतो.

ग्रामसभेत तुम्ही छान समजावलंत: आपला काळा दगड, त्यात सिलिका नसते. या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मोकळी सिलिका कमी असते, हे खरंच आहे. गोध्र्याला क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, दळणाऱ्या कारखान्यांतून अलीराजपूर-झाबुआचे आदिवासी मजूर सिलिकोसिस घेऊन घरी गेले आणि मेले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांना भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे तेवढं होणार नाही. दमा आणि खोकला यांवर भागेल. जॉपाशी तोंडाला रुमाल बांधून उभ्या असलेल्या पोरालाही हे एकदा सांगा, त्याला हायसं वाटेल.

आता बिलाचं बघा. गावाने किती ब्रास घेतली, ते तुम्ही लावाल तो भाव लावून कळवा. आम्हीही आमचं बिल जोडू: इनहेलर, एक्स-रे, बुडालेलं दवण्याचं पीक आणि डागाळलेली डाळिंबं. वजावट करून ज्याचं निघेल त्याने द्यावं.

तोवर एकच विनंती. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येणार त्याची तारीख तुम्हाला कशी कोण जाणे आदल्या दिवशी कळते. त्या दिवशी फवारे सकाळपासून नाचत असतात, रस्त्यावर टँकर फिरतो, आभाळ निळं दिसतं. ती तारीख आम्हालाही कळवत जा. बायकांची कुरडया-पापडांची वाळवणं खोळंबली आहेत.

कळावे, लोभ असावा. धूळ पुरे.

आपला,
वाऱ्याच्या दिशेला राहणारा एक ग्रामस्थ