अजिंठा, फक्त तुमच्यासाठी

लग्नात हजार पाने उठली तरी आपल्याला चालते. गणपतीत चार-चार तास रांगेत उभे राहिलो तरी पाय दुखत नाहीत. लेणी पाहायची म्हटली की मात्र आपल्याला गर्दी अजिबात खपत नाही. तिथे आपले कुटुंब, आपली गाडी, आपला ड्रायव्हर आणि आपल्यापुरता बोलणारा गाईड, असा सगळा थाट लागतो. ह्या थाटाला ‘प्रायव्हेट डे टूर’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात ती भल्या सकाळी हॉटेलच्या दारातून निघते आणि दिवेलागणीला त्याच दारात आणून सोडते. मधल्या वेळात कुठेतरी अजिंठा असतो.

पॅकेजचा मजकूर मोठा वाचनीय असतो. एसी गाडी, थंड पाण्याच्या बाटल्या, अनुभवी गाईड, टोल, पार्किंग असे सगळे त्यात ‘समाविष्ट’. मग खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ : प्रवेशशुल्क वेगळे. हे वेगळे शुल्क भारतीय माणसाला 40 रुपये पडते. बावीसशे वर्षांपूर्वी कोरायला घेतलेला डोंगर 40 रुपयांत, आणि त्याच्या पायथ्याशी नेऊन सोडायचे काही हजार. मालापेक्षा हमाली जास्त असे म्हणतात, ते हेच.

काही धाडसी मंडळी याहून मोठे पॅकेज घेतात. सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, जाता-येता घृष्णेश्वर, देवगिरीचा किल्ला, पाणचक्की, बीबी का मकबरा आणि शेवटी हिमरू-पैठणीचे दुकान. अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर ईशान्येला आणि वेरूळ तीसेक किलोमीटर वायव्येला, ही भूगोलाची अडचण झाली; पॅकेजात भूगोल समाविष्ट नसतो. ह्या यादीतले एकच ठिकाण वेळेअभावी कधी गळत नाही. ते म्हणजे दुकान.

गाडी फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत निघते. अजिंठा गावाची पाटी दिसताच मागच्या सीटवरून मोबाईल बाहेर निघतात. मग ड्रायव्हरदादा शांतपणे सांगतात, की हे नुसते गाव, लेणी घाट उतरून खाली. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना लिमलेटची गोळी मिळते. गोळीही समाविष्ट.

आणि मग फर्दापूरचा टी-पॉइंट येतो. माझ्या मते अख्ख्या अजिंठ्यातले सर्वांत बोधप्रद स्थळ हेच. लेणी इथून चार किलोमीटरवर आहेत, आणि धुराने चित्रांचे नुकसान होऊ नये म्हणून गाड्या इथेच थांबवतात. पुढे बस. म्हणजे ज्या गर्दीला टाळण्यासाठी हजारो रुपये मोजले, त्याच गर्दीत, तिच्याच रांगेत, तिच्याच घामाच्या वासात, दांडा पकडून उभे राहायचे. शेजारी जळगावहून आलेली शाळेची सहल असते. मुले ‘खिडकी माझी, खिडकी माझी’ करत असतात. ‘प्रायव्हेट’वाल्या काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव उमटतो, तो सतरा नंबरच्या लेण्यातही कोणी रंगवलेला नाही.

बसपर्यंत पोचायचे तर दुकानांमधून जावे लागते. तिथे जांभळ्या स्फटिकांनी भरलेले दगड, माळा, पुस्तके, टोप्या. ‘साहेब, नुसतं बघा, बघायचे पैसे नाहीत.’ दिवसभरात ह्या माणसांना ‘नुसतं बघा’ असे सांगणारा दुकानदार हा एकच प्राणी, आणि नेमके त्याचेच ते ऐकत नाहीत. विकत घेतात.

वर पोचल्यावर पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे : खुर्चीला दांडे, दांड्यांना चार खांदे. गुडघे गेलेल्या आजीला ती हवीच, त्याबद्दल बोलणे नाही. पण परवाच गडावरून ‘ट्रेक’ करून आल्याचे फोटो टाकणारे तिशीतले गृहस्थ जेव्हा डोलीत बसून व्हिडिओ काढतात, तेव्हा आपले पूर्वज भिक्षू नसून सरदार होते याची त्यांना नव्याने खात्री पटत असावी.

आता गाईड. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्यातली कितीतरी मंडळी जातककथा मुखोद्गत असलेली, शिलालेख कुठे आणि दाता कोण हे भिंतीकडे पाठ करून सांगणारी आहेत. त्यांचे दुर्दैव एवढेच, की त्यांना गिऱ्हाईक मिळते ते आपल्यासारखे. पहिल्या लेण्याच्या दारात बूट काढता काढताच आपण त्यांना सांगतो, ‘महत्त्वाचं तेवढं दाखवा.’ सगळी मेख ह्या ‘तेवढं’मध्ये आहे. आपण पाहावे म्हणून गाईड केलेला नसतोच. आपल्याला पाहावे लागू नये, म्हणून तो केलेला असतो.

मग तो बिचारा ठरलेला कार्यक्रम करतो. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात बॅटरी डावीकडून धरली की बुद्ध हसतो, उजवीकडून धरली की गंभीर होतो, खालून धरली की ध्यानात जातो. टाळ्या. खांबावर एक डोके आणि चार हरणे : कुठूनही पाहा, ते डोके त्याच हरणाचे वाटते. वा! मग पद्मपाणी. हा ‘आशियाची मोनालिसा’ आहे असे सांगितले जाते. तिच्याहून हा हजारभर वर्षांनी मोठा, पण ओळख मात्र तिच्या नावाने करून द्यायची. ‘बघा, कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतोय.’ सगळे इकडून तिकडे सरकून खात्री करून घेतात.

पद्मपाणी कोणाकडेच बघत नाही. मान एका बाजूला कललेली, पापण्या खाली झुकलेल्या, बोटांत निळे कमळ. नजर आपल्याला ओलांडून खाली कुठेतरी स्थिरावलेली. भिंतीवर चिखलाचा लेप दिला, त्यात भाताचे तूस आणि गवत कालवले, वर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर रंग चढवले. बहुतेक रंग इथल्याच मातीतले. निळा तेवढा राजावर्त दगडाचा, थेट अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला. हे दिसायला आधी अंधाराला डोळे सरावावे लागतात. चित्रे टिकावीत म्हणून आत उजेड मंद ठेवतात आणि फ्लॅशला बंदी असते. दहा मिनिटे गप्प उभे राहिले की भिंत हळूहळू बोलू लागते. पण एवढा वेळ पॅकेजात कुठून काढायचा? दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज येतो, ‘अहो, लाईटची काही सोय नाही का इथे? एवढे पैसे घेतात!’ (40 रुपये.)

आपल्या आधी आलेल्यांनी किती वेळ दिला, ते जरा पाहा. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल 1840 च्या दशकात चित्रांच्या नकला करायला इथे आला आणि त्यात त्याची वर्षानुवर्षे गेली. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रे 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्याची कबर भुसावळला आहे. माणूस परत गेलाच नाही. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून खपले. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे निजामाने इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी चित्रांचे संरक्षण म्हणून लाखेचे रोगण फासले, ते काळाबरोबर पिवळे-काळे पडत गेले, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या पिढ्या गेल्या. अमेरिकेचे वॉल्टर स्पिंक तर पन्नासहून अधिक वर्षे इथे येत राहिले, कुठला खांब कुठल्या वर्षी थांबला याचा माग काढत. आपले अडीच तासांत आटोपते. त्यात सूप आणि सेल्फी आले.

घाईघाईत नेमके काय सुटते, तर अर्धवट राहिलेली लेणी. चोवीस नंबर दाखवा, असा आग्रह धरलेला प्रवासी मी तरी पाहिलेला नाही. ‘तिथं काही नाही साहेब, अपूर्ण आहे.’ खरे तर सगळे तिथेच आहे. खांब दगडातून अर्धेमुर्धे सुटे झालेले, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. आधी छत, मग खाली खाली उतरत जाणे आणि जमीन सर्वांत शेवटी, हा कामाचा क्रम उघड्या डोळ्यांना दिसतो. परांची बांधायची गरजच नाही, कारण ज्याच्यावर उभे राहायचे तोच डोंगर पायाखाली शिल्लक असतो. स्पिंक यांच्या मते वाकाटक सम्राट हरिषेण 477 च्या सुमारास वारला आणि बघता बघता कामे ठप्प झाली. सत्ता गेली की प्रकल्प रखडतो, ही महाराष्ट्राची परंपरा किती प्राचीन आहे, याचा दगडात कोरलेला पुरावा आपल्या दाराशी आहे आणि आपण तो ‘काही नाही’ म्हणून सोडून पुढे जातो.

आता ह्या खासगी सहलीच्या मूळपुरुषाकडे वळू. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला ह्या खोऱ्यात आला. एका गुराखी पोराने त्याला वाट दाखवली असे सांगतात. म्हणजे ग्राहक एक, गाईड एक, दिवस एक. बुकिंग तेवढे नव्हते. वाघुर नदीच्या पलीकडून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. सातवाहनकाळातले ते चैत्यगृह, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. साहेब आत गेले, आणि काय केले? खांबावर रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर आपले नाव, पलटण आणि तारीख खरवडली. ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा आत दगडमातीचा खच पडलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. गंमत अशी, की लेण्यांचा ‘शोध’ त्याच्या नावावर आहे. लेणापूर नावाचे गाव जवळच होते, त्याच्या नावातच लेणी होती, पण गावाने भिंतीवर सही केली नाही. मग शोध कसला?

स्मिथच्या त्या सहलीची नक्कल आपण अजून करतो आहोत. गाडीच्या किल्लीने, नाण्याने, बदाम काढून, बदामातून बाण काढून. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास 1958 च्या कायद्यानुसार, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. बदाम काढणाऱ्यांच्या संसाराची मजल अनेकदा तेवढीही जात नाही.

नावाची हौस तशी जुनी आहे, हेही मान्य केले पाहिजे. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादीने दानाची नोंद कोरवली. सोळाव्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र भिक्षू आहे, आणि माणसाची आठवण जगात टिकते तोवर तो स्वर्गात राहतो, म्हणून डोंगरात टिकाऊ स्मारक करावे, अशा आशयाचे त्याच्या लेखात आहे. फरक एवढाच, की ह्या मंडळींनी आधी लेणे दिले आणि मग नाव घातले. आपण पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यावर येतो.

सव्विसाव्या लेण्यात पोचेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असतात. तिथे सुमारे सात मीटर लांबीचा, उजव्या कुशीवर पहुडलेला महापरिनिर्वाण बुद्ध आहे आणि खाली शोक करणारे शिष्य. ‘झोपलेत का?’ असे एक पोर विचारते. ‘नाही, गेलेत,’ असे गाईड सांगतात. ‘चला, आपणही जाऊ, जेवायचं राहिलंय,’ असे वडील म्हणतात. त्याआधी रिकाम्या लेण्यातला फोटो हवा असतो. त्यासाठी खासगी सहलीतले काका शाळेच्या सहलीला दोन मिनिटे बाजूला व्हायला सांगतात. मुले होतात बाजूला. फोटो येतो. त्यात लेणे रिकामे, काका एकटे, आणि खाली ओळ : ‘फक्त आपण आणि इतिहास.’ इतिहासाच्या वतीने खुलासा करणारे तिथे कोणी नसते.

शाळेच्या सहलीतल्या पोरांनी मात्र वेगळे पाहिलेले असते. त्यांना गाईड परवडलेला नसतो, बाईंनाही पाठ झालेले नसते. म्हणून ती भिंतीला नाक लावून स्वतःच शोधतात : माकड कुठे, हत्ती कुठे, उडणारी माणसे किती. कोणी ‘महत्त्वाचं’ सांगितलेले नसल्यामुळे त्यांना सगळेच दिसते. परतीच्या बसमध्ये हत्तींवरून भांडण होते, आणि काका डोळे मिटून घेतात.

जाणार असाल तर जरूर जा, गाईडही करा, पण त्याला ‘तेवढं’ म्हणू नका; तो बोलायचा थांबला की पैसे वाया गेले असेही समजू नका. पावसाळ्यात गेलात तर सातकुंडाचा धबधबा फुकट आहे. आणि बुकिंग करण्याआधी कॅलेंडर पाहा : सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. पॅकेज मात्र आठवड्याचे सातही दिवस चालू असते.