दुसरा कुठाय?

चेंडू जागेवरच होता. मी मात्र एक पूर्ण गिरकी घेऊन, दोन्ही हात डाव्या खांद्यावर, पोट सूर्याकडे आणि नजर दीडशे यार्डांच्या पाटीवर अशा थाटात उभा होतो. त्या पाटीच्या आसपास काही पडलेलं दिसतंय का, ते शोधत होतो. मागून आवाज आला, "काका, खाली बघा."

खाली तो होता. पांढरा, लिंबाएवढा, अंगावर तीनशेच्या वर खळगे आणि आपल्याला कुणी मारायला आलं होतं याचा पत्ताच नसलेला.

"प्रॅक्टिस स्विंग होता," मी म्हणालो.

"नाही काका. मारायचा हेतू होता. मोजायचा. एक झाला."

गोल्फची ही गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. काठी चेंडूला लागली की नाही, हा प्रश्नच नाही. मारायचा इरादा होता ना? मग धरला एक फटका. नेम चुकला म्हणून आरोपी सुटत नाही. आमच्या बँकेत तीस वर्षांत अनेकांचे अनेक हेतू होते, पण ते कुणी कधी मोजले नाहीत. मोजले असते, तर अर्धी शाखा घरी गेली असती.

शिकवणारा मुलगा पस्तिशीचा असेल. पहिल्या दिवशी त्याने मला 'सर' म्हटलं होतं. मी सुखावलो. दुसऱ्या दिवशी काठी माझ्या हातातून निसटून चेंडूपेक्षा लांब गेली, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि कसलंच संबोधन न वापरता बोलू लागला. तिसऱ्या दिवशी 'काका'. दहा धड्यांचे पैसे आगाऊ भरले होते, म्हणून मी आकडेमोड केली: या गतीने दहाव्या दिवशी 'आजोबा' नक्की.

या भानगडीत पडलो कसा, तर 7 ऑगस्ट 2021 मुळे. शनिवार होता. त्या पहाटे निम्म्या भारताने आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिलं, कारण टोकियोत अदिती अशोक पदकाच्या अगदी उंबऱ्यावर होती. मीही पाहिलं. पहिली पंधरा मिनिटं कमी फटके चांगले की जास्त, हेच मला कळत नव्हतं. विसाव्या मिनिटापासून मी तिला सल्ले देत होतो. ती एका फटक्याने कांस्यपदकाला मुकली, चौथी आली, आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर 'पुटिंगमध्ये नाही, वाऱ्यात मार खाल्ला' असं लिहिलं. वारा होता की नाही, मला माहीत नाही. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि सगळे तिकडे वळले. मी वळलो नाही. भालाफेकीतल्या जाणकारांची सोसायटीत एकदम गर्दी झाली होती. गोल्फचा मी एकटाच होतो.

असं पद एकदा मिळालं की सांभाळावं लागतं. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये खेळला होता, हे मी लग्नकार्यात 'आपला उदयन' म्हणून सांगत असे. शेवटी एका बारशात कुणीतरी सरळ विचारलं, "तुम्ही कुठे खेळता?" मी म्हणालो, "सध्या जरा गॅप पडलीय." स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ती गॅप भरून काढणं भाग होतं.

शिकवणारा इंग्रजीत बोलेल, अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर पैसे त्याचेच भरले होते. हा निघाला अस्सल मराठी, बारा-तेराव्या वर्षापासून साहेबांच्या बॅगा खांद्यावर वाहिलेला. त्याचे धडे असे: "काका, गुडघे सैल. स्टुलावर टेकायला निघालाय असं." "काठी अशी धरा, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. उडायला नको, मरायलाही नको." (पहिल्या आठवड्यात माझ्या हातून किती पिल्लं गेली, त्याची गणती नाही.) उजव्या करंगळीने डाव्या तर्जनीला विळखा घालायचा असतो. लहानपणी कट्टी घेण्यापलीकडे मी त्या करंगळीला कधी काम दिलं नव्हतं; चोपन्नाव्या वर्षी तिला नोकरी लागली आणि ती लगेच सुजली. गोल्फमध्ये जितका कच्चा खेळाडू, तितका मोठा हँडिकॅप देतात आणि त्याची कमाल मर्यादा 54 आहे. माझं वय आणि माझी लायकी यांची इतकी नेमकी गाठ आयुष्यात पहिल्यांदाच पडली.

आणि सगळ्यात मोठा धडा: "मान खाली." फटका मारताना मान वर करायची नाही. चेंडू गेल्यावरसुद्धा लगेच नाही. म्हणजे, इतका खटाटोप करून जे बघायला आलो, तेच बघायचं नाही.

घरी येऊन मी रात्री वाचत बसे. खेळता येत नसेल तर निदान इतिहास यावा, हा बँकेतल्या प्रमोशनच्या परीक्षांपासूनचा माझा बाणा आहे. 1457 साली स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसत. हे मी बायकोला वाचून दाखवलं. "समजूतदार होता," ती म्हणाली आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली.

पण खरा दिलासा मिळाला ॲलन शेपर्डकडून. 6 फेब्रुवारी 1971 रोजी या अंतराळवीराने चंद्रावर गोल्फ खेळलं. माती गोळा करायच्या दांड्याला त्याने काठीचं टोक जोडलं होतं. पहिल्या फटक्याला चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. माझंही तसंच होतं! मग एक चेंडू नीट बसला आणि तो मैलोनमैल गेल्याचं त्याने उत्साहात जाहीर केलं. पन्नास वर्षांनी जुनी छायाचित्रं साफ करून कुणीतरी मोजलं, तर भरले चाळीस यार्ड. पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात, हवा नसताना, चाळीस. माझा विक्रम बासष्ट आहे आणि मी ते हवेतून, पुण्यात केले आहेत. अर्थात त्या बिचाऱ्याला जाडजूड पोशाखामुळे एकाच हाताने मारावं लागलं होतं. आणि दोन्ही हातांत मोजे होते.

इथे मला मोज्याविषयी बोललंच पाहिजे.

गोल्फचा हातमोजा एकच मिळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हाताचा. काठीवर डावा हात वर असतो, पकड त्याची, म्हणून मोजा त्याला. हे सगळं मला नंतर समजलं. दुकानात मी पाकीट उघडलं, एक मोजा काढला आणि दुसऱ्यासाठी पाकीट उलटं करून झटकलं.

"लेफ्ट हँड आहे सर," दुकानदार म्हणाला.

"ते दिसतंय. राइट?"

"राइट येत नाही."

"संपलाय?"

"नाही. येतच नाही."

"मग किंमत जोडीची का लावलीय?"

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी ओळखतो. कर्ज मागायला आलेल्यांकडे मी तसा पाहत असे. मेंढीच्या मऊ कातड्याचा, पांढराशुभ्र, मनगटावर पट्टी असलेला एकच मोजा. किंमत हजाराच्या घरात. माणसाने जोडीतली एक वस्तू विकत घ्यावी, हे आमच्या रक्तात नाही. देवळाबाहेरचा चप्पलचोरसुद्धा जोडी नेतो. सॉक्समधला एक हरवला तर दुसरा आपण वर्षानुवर्षं कपाटात ठेवतो, कधीतरी परत येईल या आशेने. टाकून देणं म्हणजे हरवलेल्याला मेला असं जाहीर करणं. आणि इथे मी मुळातच एकटा असलेला मोजा पैसे मोजून घरी आणला.

त्यानंतर घरात शांतता उरली नाही. घामाने भिजलेला तो मोजा मी गॅलरीत चिमट्याला लावून वाळत घाली. धुणंभांड्याच्या मावशींनी पलंगाखाली दुसरा शोधला. बायकोने मशीनचं ड्रम हाताने चाचपलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा एक मोजा खाली पडलाय वाटतं, पण आमच्याकडे दिसत नाही हो." इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, हरवला तर माझ्याकडून नाही हां." त्याच्याकडे मी तो कधी दिलाच नव्हता. प्रत्येकाला मी उत्तर देत असे, "गोल्फचा आहे. एकच असतो." हे वाक्य उच्चारताना होणारा आनंद मी लपवला नाही. एकदा तर कुणी विचारलं नाही, म्हणून मीच खालच्या वहिनींना हाक मारून सांगितलं की सापडला.

फोटोही काढून घेतला. फटका मारल्यानंतरची पोज, मोजा कॅमेऱ्याकडे. या पोजमध्ये चेंडू येत नाही, हा तिचा मोठा गुण. नातेवाइकांच्या ग्रुपवर बत्तीस अंगठे आले. आणि माझ्या धाकट्या बहिणीने नागपूरहून एवढंच लिहिलं: "दादा, अण्णांचे डावे आठवले."

मला आठवले नव्हते. हेच मला लागलं.

अण्णा पिंपरीला एका कारखान्यात भट्टीवर होते. कंपनी महिन्याला कॅनव्हासच्या हातमोज्यांची एक जोडी द्यायची. तापलेल्या सळया चिमट्याने उचलायच्या त्या उजव्या हाताने, त्यामुळे पंधरवड्यात उजवा मोजा तळव्यावर जळून जाळी व्हायचा. उरलेले पंधरा दिवस उजव्या हाताला चिंधी. डावा मात्र धडधाकट राहायचा. महिनाअखेर तो घरी यायचा. आमच्या घरात डावे मोजे साठलेले होते, नुसते डावे. तेलाचा आणि करपल्याचा, सोड्यात उकळूनही न जाणारा वास मारणारे. आई त्यांनी स्टोव्हवरचं आंघोळीच्या पाण्याचं पातेलं उतरवायची. डाव्या हातात डावा नीट बसायचा. उजव्या हातात डावाच उलटा घालायची, म्हणजे जाड तळवा हाताच्या पाठीवर आणि पातळ बाजू पातेल्याला. चटका तिला उजव्याच हाताला बसायचा. "हं, सरका," असं म्हणत ती मोरीकडे धावायची आणि आम्ही भावंडं हसायचो, कारण तो हात उलटा बसवल्यासारखा दिसायचा.

अण्णांच्या उजव्या तळव्यावर घट्टे होते. ते त्यांनी कधी कुणाला दाखवले नाहीत. पाहुणे आले की हात मांडीखाली. माझ्या तळव्यावर सहाव्या धड्यानंतर एक फोड आला, तो मी तीन लग्नांत दाखवला.

पुढचा धडा मी जरा गप्प राहूनच घेतला. पोराच्या ते लक्षात आलं असावं. चेंडूंची बादली भरून आणताना त्याने आपण होऊन सांगितलं, की सोमवारी मैदान बंद असायचं तेव्हा कॅडीच्या पोरांना खेळायला मिळायचं. आठवड्यात तो एकच दिवस. आणि चौरसियाचं सांगितलं. कोलकात्याच्या 1829 पासूनच्या रॉयल क्लबात ज्याचे वडील गवत राखायचे, तो एस. एस. पी. चौरसिया. 2008 मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली. हे सांगताना पोराने बादली खाली ठेवली होती. "बघून बघून शिकला काका. शिकवायला कोण होतं?" मी म्हणालो, "मला शिकवायला तू आहेस, तरी बघ." तो हसला. मग त्याने माझा डावा हात धरून उलटा केला. मोजा तळव्याच्या टाचेशी, करंगळीच्या खाली, फाटला होता.

"बघा, काठी इथे घसरतीये. पकड वर सैल, खाली घट्ट. मोजा खोटं बोलत नाही." त्याने बोट त्या भोकातून आत घातलं. "नवीन घ्यायला लागेल."

नवीन घेतला. आता माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही डावे.

फाटलेला टाकवेना, म्हणून ओट्याजवळच्या खुंटीला अडकवला. आई आमच्याकडेच असते, एक्याऐंशी पूर्ण. दृष्टी अधू आहे, पण सकाळचा चहा ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. परवा मी स्वयंपाकघरात गेलो, तर तिने तो मोजा हातात धरला होता. उलटसुलट करून पाहत होती.

"दुसरा कुठाय रे?"

"एकच असतो, आई. डाव्याच हाताचा."

"हो का," ती म्हणाली. आणि काहीही न विचारता तिने तो उजव्या हातात उलटा चढवला. मोज्याचा तळवा हाताच्या पाठीवर आला. मी पुढे होईपर्यंत तिने चहाचं पातेलं उचललं, दोन पावलं गेली आणि घाईने ओट्यावर टेकवलं.

"पातळ आहे रे," ती बोटं झटकत म्हणाली. "चटका बसतो."