मानोऱ्यातून युद्धनौका टिपण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नौदलाच्या बंदराभोवती जहाजं आणि विमानं टिपण्याचा छंद असलेल्यांनी बंदरापासून नेमकं किती लांब उभं राहावं, याचा कोणी गांभीर्याने विचार केलेला दिसत नाही. हौशी मंडळी लेन्सची पिशवी गळ्यात अडकवून थेट मुंबईत कुलाब्याच्या बाजूला जातात, तिथे दमट हवेत काचेला बुरशी चढवून घेतात, आणि एवढं करून करड्या समुद्रावरचा करडा ठिपका घरी आणतात. आमच्या मते योग्य अंतर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याला ते आयतंच लाभलं आहे.

पहिला पुरावा कायद्याचा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, पण अजून ठणठणीत आहे. मनाई असलेल्या जागांच्या त्याच्या व्याख्येत शस्त्रागारं आणि नौदलाचे तळ आहेतच, शिवाय सरकारच्या मालकीचं जहाज आणि विमानही आहे. म्हणजे ही जागा एका ठिकाणी थांबत नाही. ती इंजिन लावून फिरते, आणि तुम्ही निवांत भेळ खात असताना तुमच्याजवळ येऊ शकते. देशाला बाधक अशा हेतूने तिच्या आसपास असणं हासुद्धा गुन्हा, आणि संरक्षणाशी संबंध असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत. तुमचा हेतू निर्मळ होता हे यथावकाश सिद्ध होईलही, पण तोवर कॅमेरा कुठे असेल याची कल्पना करावी. मानोऱ्याच्या बस स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही विनाशिकेच्या आसपास असल्याबद्दल हटकता येत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मानोऱ्यातून समुद्र दिसतच नाही. आक्षेप खरा, पण उथळ. पृथ्वी गोल असल्यामुळे उभ्या माणसाच्या डोळ्याला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं, आणि हा नियम मरीन ड्राइव्हवरही लागू आहे. मुंबईचा समुद्र थेट पाहायचा तर मानोऱ्यात सुमारे २० किलोमीटर उंच मचाण बांधावं लागेल. तुरीच्या राखणीसाठी बांधतात त्यापेक्षा ते थोडं मोठं, नगरपंचायतीची परवानगी लागेल. दुसरे म्हणतील, किनाऱ्यावरच्या माणसाला निदान मोबाइलच्या नकाशावर जहाजांची नावं तरी कळतात. कळतात, पण मालवाहू जहाजांची. आपली ओळख प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा चालू ठेवण्याचं बंधन युद्धनौकांवर नाही. त्यामुळे युद्धनौकेच्या बाबतीत गेटवेवरचा माणूस आणि मानोऱ्याचा माणूस यांच्या पडद्यावर बहुधा सारखंच निळं पाणी असतं. मानोऱ्याचा माणूस लोकलला लोंबकळत आलेला नसतो, एवढाच फरक.

विमानांच्या बाबतीत तर मानोऱ्याचं पारडं उघडच जड आहे. नकाशावर मुंबई आणि कोलकाता पट्टीने जोडा. रेषा मानोऱ्याच्या अगदी जवळून जाते. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान, मध्ये आडोसा नसेल तर, साडेतीनशे किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर असतं. म्हणून गच्चीवर विमानांचे ओळख-संदेश पकडणारी १०९० मेगाहर्ट्झची साधी अँटेना लावली की नागपूरपासून हैदराबादच्या आसपासपर्यंतची विमानं लॅपटॉपवर उमटू शकतात. लष्करी विमानं हा संदेश नेहमी देतीलच असं नाही, तेव्हा डोळे तयार हवेत. नौदलाचं पी-८आय हे बोइंग ७३७ घराण्यातलंच, पण प्रवासी भावंडांच्या पंखांची टोकं बहुधा वर वळलेली असतात, याची मागे तिरकी कापल्यासारखी, आणि शेपटीमागे पाणबुड्यांचा माग काढणारी एक दांडी. त्याचे तळ गोव्याचा हंसा आणि तमिळनाडूतला राजाली. एखादं वाट वाकडी करून विदर्भावर येईल या आशेवर धुऱ्यावर उभं राहायला हरकत नाही. सोयाबीनच्या भावाची वाट पाहण्यापेक्षा हे काम हलकं. कायद्यात विमानही आहे ना, असं कोणी विचारील. आहे. पण इथे मनाई असलेली जागा आपण होऊन डोक्यावर आली आणि दोन मिनिटांत निघून गेली, असा पंचनामा करायला कोण बसणार?

राहिला शेवटचा आक्षेप: मानोऱ्याचा आणि नौदलाचा संबंध काय? भूगोलाचं पुस्तक उघडावं. तालुक्यातली अरुणावती पैनगंगा, वर्धा, प्राणहिता अशी वळणं घेत गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तो समुद्र पूर्व नौदल कमांडचा, मुख्यालय विशाखापट्टणम. म्हणजे मुंबई जवळची असली, तरी मानोऱ्याच्या पावसाचा कल पूर्वेच्या ताफ्याकडे आहे. शिवाय आयएनएस गोदावरी नावाची युद्धनौका, क्रमांक एफ-२०, माझगाव गोदीत बांधली गेली, १९८३ च्या डिसेंबरात नौदलात आली आणि २०१५ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. सेवेत असतानाचा तिचा फोटो आता कोणालाच काढता येणार नाही, त्यामुळे या बाबतीतही मानोरा कुलाब्याच्या मागे नाही.

ज्यांना एवढा अभ्यास जमणार नाही, त्यांनी हेलिकॉप्टरपासून सुरुवात करावी. तालुक्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान येऊन गेले. बडे पाहुणे आणि निवडणुका यांच्या हंगामात फिरती पाती या भागाला नवी नाहीत. महागडी लेन्स लागत नाही, यंत्र आपण होऊन मैदानात येतं. बंदोबस्तातल्या हवालदाराला आधी विचारावं, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहू नये, आणि टोपीवाल्या कार्यकर्त्यांच्या मागची जागा धरावी. धूळ त्यांच्यावर बसते आणि टोप्या उडाल्या की समोरचं मोकळं दिसतं.