प्रतिकृतीवाले काका

दिवाळीतल्या किल्ला-स्पर्धांमध्ये सहसा दोन गट असतात : ‘काल्पनिक’ आणि ‘प्रतिकृती’. पहिल्या गटातला माणूस सुखी असतो. विटा, गोणपाट, लाल माती आणि वर हळीव-मोहरी पेरून चार दिवसांत उगवलेलं जंगल. जंगलात वाघ, वाघाशेजारी हेलिपॅड, पायथ्याच्या तळ्यात प्लॅस्टिकचं बदक. सिंहासनावरचे महाराज दरवाज्यापेक्षा उंच झाले तरी कुणाची हरकत नसते. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत आळीआळीत असे किल्ले उभे राहतात. आणि आळीतले एक गृहस्थ कुठल्याशा दिवाळीत अचानक गट बदलतात.

तेच हे प्रतिकृतीवाले काका. नव्यानं माळ घातलेला माणूस मटणाच्या ताटाकडे बघतो, तसे ते हेलिपॅडकडे बघतात. बदक जातं, वाघाची चौकशी सुरू होते.

पहिला किल्ला अर्थातच लोहगड. घरामागचाच, शिवाय २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला. खालून वर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, ही ओळ मावळातल्या पोरांना पाठ असते. काका मात्र अडतात. नारायण दरवाजा पेशवाईतल्या नाना फडणिसांनी बांधलेला. मग माचीवर शिवाजी महाराज बसवायचे तर तो ठेवायचा कसा? काका तो पाडतात. परीक्षक येतात, तीनच दरवाजे मोजतात आणि गुण कापून निघून जातात. काका त्यांच्यामागे फाटकापर्यंत बोलत जातात.

दरवाज्यापेक्षा मोठा घोळ मापाचा. बाजारातला मातीचा मावळा तीन इंचांचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाविसाव्या हिश्श्याएवढा. लोहगडाची उंची १०३३ मीटर, लोणावळ्याची सुमारे ६२०. नुसता लोणावळ्यावरचा चढ त्याच मापात करायचा म्हटलं तरी सहा मजली इमारत उभी राहते. उलट किल्ला अंगणात मावेल एवढा, पाचशेपट लहान केला, तर मावळा साडेतीन मिलिमीटरचा होतो. त्याला मिशा कोण काढणार? “तुळशीच्या लग्नापर्यंत तरी होईल ना?” काकू एवढंच विचारतात.

हे वेड काही मावळापुरतं नाही. विलायतेत टेबलावर चिमुकल्या फौजा लढवायचा छंद जुना आहे. १८९८मध्ये मंगळावरच्या राक्षसांना पृथ्वीवर उतरवणाऱ्या एच. जी. वेल्सनं १९१३मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहून पुस्तक काढलं. आजही तिकडे राक्षस-चेटक्यांच्या पलटणी रंगवणारी माणसं एक दिवस नेपोलियनकडे वळतात आणि मग डगल्याच्या बटणांवरून भांडतात. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणतात, “बरोबरच आहे त्यांचं.”

दोन-तीन दिवाळ्यांनी काकांना नुसता किल्ला पुरत नाही. त्यांना लढाई हवी असते. वडगावची, जानेवारी १७७९ची. पुण्यावर चालून आलेले इंग्रज, त्यांच्याबरोबर राघोबादादा, समोर महादजी शिंदे. कुंभाराकडे टोपीकर मिळत नाहीत, म्हणून उरलेल्या मावळ्यांना लाल डगले चढतात. पण कंपनीच्या त्या फौजेत बहुतेक हिंदी शिपाईच होते, हे कळल्यावर काका गेरूनं पुन्हा चेहरे रंगवतात. सामान वाहायला एकोणीस हजारांवर बैल होते, असं वाचून पोरं बैल मागू लागतात. पोळ्यातले चार मिळतात.

खरी पंचाईत भूमिकांची. लढाई खेळणार आळीतली पोरं, आणि इंग्रज व्हायला कुणी तयार नसतं. अपवाद कॅप्टन स्टुअर्ट, कारण मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून नावाजलं होतं. त्यासाठी दोन पोरं हातघाईवर येतात. जिंकणाऱ्याला नंतर कळतं, की फाकडा ४ जानेवारीला कार्ल्यातच पडतो, म्हणजे चिवडा यायच्या आत. राघोबादादा कुणालाच नको असतात. ते काकांना व्हावं लागतं. ९ तारखेला फौज तळेगावात पोचते, तर गाव जाळलेलं, दाणा-वैरण नाही. ११च्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून माघार. तेवढ्यासाठी काका बुजवलेलं तळं पुन्हा खणतात, आणि बदकही आपोआप परत येतं. वडगावात कोंडी होते, १६ तारखेला तह. सह्या करताना इंग्रज झालेला पोरगा “मी नाही हरलो” म्हणून उठून जातो. काका खूश होतात, कारण मुंबईकर इंग्रजांनीही तो तह पुढे मानला नव्हता.

या दिवाळीत मळवली-कामशेतकडे असा किल्ला दिसला, तर जरूर थांबा, कौतुक करा. फक्त शेजारी विसापूर का केला, हे विचारू नका. तो लोहगडापेक्षा उंच आहे आणि मार्च १८१८मध्ये इंग्रजांनी आधी तोच घेतला, म्हणून लोहगड पडला. हे सगळं काका पहिल्यापासून सांगतील आणि तुमची लोकल जाईल.