संगणकपालक

घरातला पहिला संगणक २००० ते २००५ च्या दरम्यान घेतला आणि तो अजून घराबाहेर जाऊ दिला नाही, अशा गृहस्थाला संगणकपालक म्हणतात. वय साठीच्या आगेमागे. संगणक असेंबल्ड असतो. त्याची किंमत 'त्या वेळचे पस्तीस हजार' अशीच सांगायची असते; कुणी नुसते पस्तीस हजार म्हटले, तर पालक लगेच दुरुस्ती करतो. मुंबईकर पालकाने मदरबोर्ड, कॅबिनेट आणि मॉनिटर लॅमिंग्टन रोडवरच्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून घासाघीस करून आणलेले असतात. हा वृत्तान्त पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावा लागतो.

संगणकावर प्लॅस्टिकचे कव्हर असते, दसऱ्याला कॅबिनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. विंडोज एक्सपीची कंपनीकडून होणारी देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. पालकाच्या घरी त्या दिवशी विशेष काही घडले नाही.

पहिले मोठे दुखणे मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचे. तो संपला की घड्याळ चालत नाही आणि संगणक रोज सकाळी १ जानेवारी २००२ मध्ये जागा होतो. नवा सेल जेमतेम काही रुपयांना मिळतो. पालक मात्र जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यावी तशी रोज तारीख घालतो. ज्या दिवशी विसरतो, त्या दिवशी बँकेची साइट उघडत नाही, आणि पालक बँकेला नावे ठेवतो.

पुढे कॅबिनेट लांब शिट्ट्या मारू लागते. हा रॅम नीट न बसल्याचा पुकारा. त्यावर पालकाचा हातखंडा उपाय म्हणजे खोडरबर. कॅबिनेटची बाजू उघडायची, रंगाच्या ब्रशने धूळ झटकायची, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या नातवाच्या खोडरबराने घासायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून 'टक्' आवाज होईपर्यंत परत बसवायची. यातला वाईट भाग असा, की उपाय बरेचदा लागू पडतो. त्यामुळे पुढची चार वर्षे घरातल्या कुणाला बोलायला तोंड राहत नाही.

शेवटी एक दिवस शिट्टीही येत नाही. दुरुस्तीवाला मुलगा मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर दाखवून म्हणतो, "काका, ह्याचे पार्ट आता येत नाहीत." निदान ऐकून पालकाला हायसे वाटते. 'बाकी मशीन ठणठणीत आहे, फक्त कपॅसिटर गेले,' असे तो शेजाऱ्यांना सांगतो. हार्ट थांबले, एरवी तब्येत उत्तम, या चालीवर. 'संगणक गेला' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. 'सध्या बंद आहे,' इतकेच.

'सध्या' साधारण दोन वर्षे टिकते. मग दिवाळीच्या सफाईत पत्नी भंगारवाल्याला बोलावते. तो कॅबिनेट काट्याला अडकवतो, पण मॉनिटरला हात लावत नाही. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि तसली काच कुणी घेत नाही. पालक मग कायदा काढतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. असेंबल्ड संगणकाचा उत्पादक कोण, हा प्रश्न इथे निघतो. आजवर पालक सर्वांना 'मी बनवून घेतला' असे सांगत आलेला असल्याने घरातले सगळे त्याच्याकडेच बघतात. मॉनिटर माळ्यावर जातो.

कॅबिनेट जाण्याआधी पालक चाळीस जीबीची हार्ड डिस्क काढून घेतो. तिची रुंद पट्टीची केबल नव्या लॅपटॉपला बसत नाही. बसवलीच, तरी मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. तो फॉन्ट नसेल तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. डिस्क दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये, मुदत संपलेल्या पॉलिसींशेजारी ठेवली जाते. कव्हर मिक्सरला घातले जाते. ते त्याला मोठे होते.